बागेश्वर जिल्हा, मुक्काम पिस्कॅटवे

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला बर्फ पडला की आमचे घरमालक काका बागेश्वर जिल्हा उभारायला बाहेर पडत. गल्लीतले बाकीचे लोक ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं दोन्ही बाजूंना लोटून मोकळे होत. काका तो रचत. गॅरेजपासून रस्त्यापर्यंत गेलेला ड्राइव्हवे ही सरयू नदी. पुढच्या दारापासून येऊन तिला मिळणारी पायवाट ही गोमती. संगम पत्रपेटीपाशी, आणि संगमावर बागेश्वर गाव. उरलेला सगळा बर्फ या दोन नद्यांच्या काठांवर, जिथं जेवढा उंच हवा तिथं तेवढाच उंच. उत्तरेची हिमशिखरं गॅरेजच्या दाराला टेकून उभी राहत. त्यामुळे ऑफिसला जायचं तर आधी हिमालय फोडावा लागे.

पहिल्या हिवाळ्यात मी मदतीला गेलो आणि एक फावडंभर बर्फ हाताला सुचेल तिथं टाकला. काका थांबले.

"तुम्ही पिंडारी हिमनदी कपकोटवर ओतलीत," ते म्हणाले.

"सॉरी, काका."

"कपकोटला माणसं राहतात. बाजार आहे. शाळा आहे."

मी कपकोट मोकळं केलं. काकांनी ते वाकून तपासलं आणि मग आम्ही दोघं दक्षिणेकडे सरकलो.

बागेश्वर हा उत्तरेतला एक लहानसा डोंगरी जिल्हा. त्या राज्याला तेव्हा उत्तरांचल म्हणत, पुढे त्याचं उत्तराखंड झालं. काका मूळचे वर्ध्याचे. भूगर्भशास्त्र शिकून सरकारी नोकरीला लागले आणि सत्तरच्या दशकात एक मऊ पांढरा दगड शोधायला त्यांना तिकडे पाठवलं गेलं. हा दगड दळून कागदात जातो, रंगात जातो, अंगाला लावायच्या पावडरीत जातो. तिकडे त्याला खडिया म्हणतात. त्या काळी बागेश्वर जिल्हा नव्हता, अल्मोड्याचा एक भाग होता. काका मात्र पहिल्या दिवसापासून त्याला जिल्हाच म्हणत. सरकारला ते पटायला वीसेक वर्षं लागली. याचा त्यांच्या मनात राग नव्हता. "सरकार उशिरा पोचतं," ते म्हणत. "चढ आहे."

अमेरिकेत येऊन त्यांनी रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीसाठी माती तपासली आणि रिटायर झाले. पण एवढी वर्षं काढूनही अमेरिकेचा भूगोल त्यांनी मनावर घेतलेला नव्हता. न्यू जर्सी त्यांच्या मते उताराच्या दृष्टीनं निराशाजनक होतं. अंतरं ते आपल्या जिल्ह्याच्या मापानं सांगत. पार्सिपनी म्हणजे बागेश्वरहून कौसानी. एडिसनचं इंडियन ग्रोसरीचं दुकान म्हणजे गावातल्या गावात. माझा एक मित्र पार कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहायचा, तो जिल्ह्याबाहेर.

मी त्यांच्याकडे राहायला आलो २००१ च्या शेवटी. पुण्याहून व्हिसावर आलेल्या आमच्या लॉटमधले निम्मे लोक तेव्हा घरी बसले होते, किंवा घरी परत गेले होते, आणि भाडेकरू ठेवताना लोक नोकरीची चौकशी जरा जास्तच करत. काकांनी नोकरीचं नावही काढलं नाही.

"तुमच्या गावचं पाणी कुठं जातं?" त्यांनी विचारलं.

"मुठेत," मी म्हणालो.

"पुढं?"

"भीमेत. मग कृष्णेत. मग… बंगालच्या उपसागरात."

"सह्याद्रीच्या मांडीवर बसलेलं गाव, अरबी समुद्र हाकेवर, आणि पाणी मात्र पार दुसऱ्या समुद्राला," काका म्हणाले. "ज्याला हे माहीत आहे तो गॅस बंद करायला विसरत नाही. खोली बघून घ्या."

माझा रूममेट मुंबईचा. त्यालाही हाच प्रश्न. तो म्हणाला, "गटारात, काका." त्यालाही खोली मिळाली. काका म्हणाले, माणूस प्रामाणिक वाटतो.

घराचेही हिमालयासारखे तीन पट्टे होते. तळघर म्हणजे तराई, पायथ्याचा उष्ण पट्टा. तिथं बॉयलर होता आणि रूममेट बारा महिने बनियनवर वावरायचा. मधला मजला म्हणजे मधले डोंगर, तिथं काका-काकू. वरची खोली माझी, म्हणजे हिमनदी. गरम हवा वर जाते हा नियम त्या घरात लागू नव्हता, कारण वरचा रेडिएटर काकांनी बंद करून ठेवला होता. मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, त्या उंचीवर एवढं तापमान योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला एक जाड लोकरी पांघरूण आणून दिलं. "त्यायचं ऐकत नको जाऊ," त्या म्हणाल्या. "तठी हिमनदीवर कोणी राहतच नाही."

काकूंचं हे बोलणं ऐकून पहिल्यांदा माणूस गोंधळायचाच. काकू बागेश्वरच्या. ठेंगण्या, गोऱ्या, गालांची हाडं वर आलेली, डोळे बारीक. आणि मराठी वर्ध्याचं, सासूकडून शिकलेलं, एकदम अस्सल. काका स्वतः पुस्तकासारखं बोलत. घरातली वऱ्हाडी काकूंच्या तोंडी होती. लग्न कसं जमलं असं मी एकदा विचारलं, तेव्हा काकांनी घसा साफ करून खोऱ्यांची रचना सांगायला सुरुवात केली. काकू म्हणाल्या, "पाणी प्यायले आले आमच्या घरी. बाबा मास्तर होते. पाणी पेले आन् विचारलं, मास्तरजी, ह्या ओढ्याचा उतार कोणीकडे? बाबाले वाटलं, पोरगा बरा आहे, हुंड्याचं विचारत नाही."

काकांचा कॅम्प काकूंच्या गावापासून सरयूच्या पलीकडे, कांड्याला होता. लग्नानंतर काकू दोन वर्षं तिथल्या तंबूत राहिल्या, मग वर्ध्याला आल्या, मग इथं.

मकर संक्रांतीला तिकडे उत्तरायणी म्हणतात. संगमावर जत्रा भरते, आणि घराघरांत गुळाच्या पाण्यात कणीक मळून तिच्या पिळाच्या गाठी, ढाली, तलवारी, डमरू करून तळतात. त्यांना घुघुते म्हणतात. चवीला आपल्या शंकरपाळ्याच्या जवळचे. त्यांची माळ ओवायची, मधोमध एक संत्रं, ती मुलांच्या गळ्यात घालायची, आणि पहाटे मुलांनी अंगणात उभं राहून कावळ्यांना हाका मारायच्या, की ये, हे खा आणि आम्हाला काहीतरी चांगलं देऊन जा. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. म्हणून माळा भाडेकरूंच्या गळ्यात.

चौदा जानेवारी म्हणजे चौदा जानेवारी. मंगळवार असो, बर्फ असो. सात वाजता काका कानटोपी घालून आम्हाला मागच्या अंगणात उभं करत.

"यार, नऊला माझी क्लायंट मीटिंग आहे," रूममेट कुजबुजायचा, "आणि माझ्या गळ्यात संत्रं आहे."

"मोठ्यानं," काका म्हणायचे. "कावळा क्लायंट नाही, ऐकून घ्यायला बांधलेला."

त्या दोन-तीन वर्षांत डासांतून आलेल्या कुठल्याशा रोगानं न्यू जर्सीतले कावळे पटापट मरत होते. टाउनशिपनं मेलेला कावळा दिसल्यास कळवा असं आवाहन केलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईंनी काकांना आकाशाकडे तोंड करून कावळ्यांना हाका मारताना पाहिलं आणि हे टाउनशिपचे माणूस आहेत असा समज करून घेतला. तेव्हापासून त्या अधूनमधून कुंपणाशी येऊन त्यांना कावळ्यांची खबर देत. काकांनी हा गैरसमज दूर केला नाही. मला म्हणाले, "माहिती येते आहे, येऊ द्या."

आता तिथल्या मराठी मंडळाकडे वळायला हवं, कारण काकांची खरी लढाई मंडळाशी होती.

आमच्या मंडळाच्या पंचांगात सगळे सण शनिवारी येत. कुठल्या शनिवारी, ते शाळेचा कॅफेटेरिया कधी मिळतो त्यावर. गुढीपाडवा एकदा मे महिन्यात आल्याचं मला आठवतं. कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनानं होई, पण शाळेत ज्योत पेटवायला बंदी असल्यामुळे समईत बॅटरीवरच्या मेणबत्त्या ठेवलेल्या असत आणि पाहुणे त्या गंभीर चेहऱ्यानं बटण दाबून लावत. मग प्रास्ताविक, मग प्रास्ताविक करणाऱ्याचे आभार, मग पाहुण्यांची ओळख, मग ओळख करून देणाऱ्याची ओळख. अध्यक्ष एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. माणूस वाईट नव्हता, पण कुणीही दोन वाक्यं बोललं की तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा.

माझ्या पहिल्याच संक्रांतीच्या कार्यक्रमात मी खुर्च्या लावायला होतो. हळदीकुंकवाच्या टेबलापाशी पार्सिपनीहून आलेल्या एक बाई तिळगूळ वाटत होत्या. काकू समोर आल्या तशा त्यांनी आवाज चढवला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आंटी, दिस इज तिळगूळ. यू ईट, अँड यू टॉक स्वीट."

काकूंनी वडी तोंडात टाकली. चावली. "पाक कच्चा राहिला बाई," त्या म्हणाल्या. "अजून थोडा घोटायले पायजे होता."

बाई चपापल्या. मग शेजारणीकडे वळून, काकू तिथं नसल्यासारख्या म्हणाल्या, "अगं, आंटी मराठी बोलतात. मला वाटलं नेपाळी आहेत."

परतताना गाडी काका चालवत होते. हायवेला लागल्यावर म्हणाले, "नेपाळ काली नदीच्या पलीकडे. मध्ये अख्खा पिथौरागड जिल्हा आहे."

"जाऊ द्या ना," काकू म्हणाल्या. "मले नाही आला राग."

"प्रश्न रागाचा नाही. यांना तू कुठली हेच माहीत नाही. यांना सगळं नीट सांगितलं पाहिजे. आधी भूगोल, मग अर्थव्यवस्था, मग सण."

"कायले? तठी लोक जेवाले येते."

पण काकांचं ठरलं होतं. बागेश्वर जिल्ह्यावर व्याख्यान द्यायचं, मंडळात, सगळ्यांसमोर, काकू समोर बसलेल्या असताना, आणि ते सणांपर्यंत न्यायचं. एवढंच त्यांना हवं होतं. ऐकायला किती सोपं वाटतं.

पुढच्या संक्रांतीला त्यांना पंधरा मिनिटं मिळाली. त्यातली पाच त्यांची ओळख करून देण्यात गेली, आणि त्या ओळखीत त्यांना हिमाचलचं केलं. काका उत्तरेकडून सुरुवात करून कपकोटपर्यंत उतरले होते, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले आणि सगळं सभागृह उभं राहिलं. त्यानंतरच्या वर्षी ते अर्थव्यवस्थेपर्यंत पोचले. खडियाचा एक तुकडा त्यांनी बघायला म्हणून श्रोत्यांत फिरवला. तो पोरांच्या हाती लागला. पोरांनी कॅफेटेरियाच्या जमिनीवर गाड्या, विमानं आणि एकमेकांची नावं काढली. शाळेच्या सफाई कामगारानं येऊन अध्यक्षांना बाजूला नेलं आणि व्याख्यान तिथंच संपलं.

तिसऱ्या वर्षी अध्यक्षांनी काकांना फोन केला. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो, फोन स्पीकरवर होता.

"काका, पाच मिनिटं देतो. डायरेक्ट फेस्टिव्हल्सवर या. लोकांना कल्चर हवं असतं हो, टोपोग्राफी कोण ऐकणार?"

"उतार कळल्याशिवाय सण कळत नाही."

"मग थोडक्यात उतार सांगा, आणि—"

"उतार थोडक्यात नसतो."

"काका, पण लोक जेवायला थांबलेले असतात."

"मग मी पुढच्या वर्षी येईन," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "पाच मिनिटांत मी सण सांगितले तर काय होईल? लोक म्हणतील, वा, गोड आहे. झालं. गोड म्हणून विसरून जातील."

त्या हिवाळ्यात हेच संभाषण आणखी दोनदा झालं, शब्द थोडे इकडेतिकडे. काका हटले नाहीत, अध्यक्षही हटले नाहीत. आम्ही भाडेकरू मधल्या मध्ये त्या व्याख्यानाचे तुकडे ऐकत राहिलो. भूगोल मला जेवणाच्या टेबलावर पाठ झाला. रूममेटच्या वाट्याला अर्थव्यवस्था आली, कारण काका बॉयलर बघायला तळघरात उतरत तेव्हा त्यांना खनिजं आठवत. सण मात्र आम्ही दोघांनीही ऐकले नव्हते. पहिले दोन भाग एका बैठकीत ऐकल्याशिवाय तिसरा सांगायचा नाही असा काकांचा नियम होता, आणि आमच्या नोकऱ्यांत तेवढी बैठक कुणाला होत नसे. काका चिडत नसत. "आधी उतार बघा," म्हणत. आमच्या नोकऱ्या, आमची ठरत आलेली लग्नं, अध्यक्षांचा स्वभाव, सगळ्यावर त्यांचं हेच एक म्हणणं होतं.

२००६ साली चौदा जानेवारी शनिवारी आली, आणि कॅफेटेरियाही त्याच दिवशी मिळाला. मंडळाची संक्रांत खऱ्या संक्रांतीला! अध्यक्षांनी ईमेलमध्ये या योगाचा असा उल्लेख केला होता की तो त्यांनीच घडवून आणला आहे असं वाटावं. काकांनी त्यांना फोन करून वीस मिनिटं मागितली. अध्यक्षांनी ती दिली. चार वर्षांनी माणूस मऊ होतो, किंवा दमतो.

सकाळी आम्ही गळ्यात माळा घालून कावळ्यांना हाका मारल्या. दुपारी काकांनी बंद गळ्याचा कोट घातला. सगळे लॅपटॉप घेऊन येत. काकांकडे हातानं रंगवलेल्या पारदर्शक पट्ट्या होत्या आणि त्या दाखवायचा जुना प्रोजेक्टर आम्हाला शाळेच्या अडगळीतून शोधून काढावा लागला. काकू तिसऱ्या रांगेत बसल्या. त्यांच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

काकांनी भूगोलाला हात घातला आणि लोकांनी मोबाइलला. मागं समोशांचा वास यायला हवा होता, तो येत नव्हता. दहाएक मिनिटांनी अध्यक्ष फोन कानाला लावून बाहेर गेले, परत आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "केटररची व्हॅन टर्नपाइकवर अडकली आहे. पुढे अपघात झालाय. तासभर तरी लागेल. आता काय करायचं?"

मी व्यासपीठाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा, दोन्ही हात गोल गोल फिरवत, काकांना खूण केली की चालू द्या, चालू द्या.

काकांनी मान डोलावली. त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

आणि खरं सांगायचं तर, बुवा बोलायचा छान. घाई नसली की त्यांच्या बोलण्याला लय यायची. दोन नद्या, त्यांच्यामधली डोंगराची धार, सूर्य कुठल्या उतारावर आधी येतो आणि म्हणून घरं कुठं असतात. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, एकेक इतकं अरुंद की बैल वळवायला उचलून धरावा लागेल असं वाटावं. तिबेटशी चालणारा लोकरीचा आणि मिठाचा व्यापार, जो चीनच्या युद्धानंतर थांबला आणि खोरीच्या खोरी रिकामी करून गेला. फौजेत गेलेले पुरुष, आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर चाललेल्या चुली. मग त्यांनी मडुव्याची पट्टी लावली. "मडुवा म्हणजे नाचणी," ते म्हणाले, "आणि गहत म्हणजे कुळीथ." मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपल्या कोकणासारखंच की." मोबाइल खाली गेले. मग खडिया. इथं ते हळू झाले. दगड सापडला, पैसा आला, आणि ज्यांच्या शेताखाली सापडला त्यांची शेतं गेली, हे त्यांनी सरळ सांगितलं. "त्यातली काही ठिकाणं मी शोधलेली आहेत," ते म्हणाले, आणि पट्टी बदलली.

"आता सण."

मी आणि रूममेटनं एकमेकांकडे बघितलं. आम्ही या वाक्याची चार वर्षं वाट पाहत होतो. काका पाणी प्यायले. पडद्यावर पुन्हा नकाशा आला, मधोमध निळी सरयू.

"आज उत्तरायणी," काका म्हणाले. "आज. गेल्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी नाही." अध्यक्ष घड्याळ बघू लागले. "आज पहाटे या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरातली मुलं अंगणात येतात आणि कावळ्यांना—"

"सगळी नाही," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

काका थांबले. "काय म्हणालीस?"

"सगळे पोट्टे नाही," काकू बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "नदीच्या पल्याडचे आज बलावते. अल्याडचे उद्या. आमच्याकडे आज रात्रीले घुघुते तळते अन् उद्या सकाळी कावळे."

काका पडद्याकडे वळले. नकाशावर सरयूच्या डाव्या अंगाला एक लाल ठिपका होता, काकूंचं गाव. कांडा उजवीकडे. ते जवळ जाऊन उभे राहिले आणि नकाशा त्यांच्या कोटावर उमटला.

"तुझं गाव अल्याड," ते म्हणाले.

"हो मंग."

"म्हणजे तुमच्याकडे पंधराला."

"होय."

"मग वर्ध्याला? इथं? इतकी वर्षं चौदाला का?"

"तुमचा डेरा पल्याड होता ना. लग्न झालं की बाईनं नवऱ्याच्या काठचं करायचं. मी तुमच्या काठचं केलं."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काकांनी चष्मा काढला. मंडळाच्या शनिवारांना इतकी वर्षं नावं ठेवणारा तो माणूस, बायकोच्या गावचा सण आपल्या कॅम्पच्या तारखेला साजरा करत आला होता. आणि तोही नदीमुळे. नदीमुळे काय काय बदलतं हे सांगण्यात ज्याचा जन्म गेला होता, त्यालाच ही गोष्ट माहीत नव्हती.

दार उघडलं आणि केटररची माणसं ट्रे घेऊन आत आली. अध्यक्ष माइककडे सरसावले. काकांनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "इथून पुढचं मला माहीत नाही. मी जत्रा पाहिली ती साहेब म्हणून, खुर्चीवर बसून. पुढचं त्यांना विचारा." आणि त्यांनी प्रोजेक्टरचा दिवा बंद केला.

काकू व्यासपीठावर आल्या नाहीत. बोलावूनही आल्या नाहीत. "मले नाही येत भाषण," म्हणाल्या. पण जेवणाच्या रांगेत त्यांच्यापुढच्या बाईनं मागं वळून विचारलं, "काकू, कणकेत मोहन घालता का?" मग दुसरीनं विचारलं, दोन काठांवर वेगळ्या दिवशी का. मग रांग जागच्या जागी थांबली आणि तिचा घोळका झाला. पाक कच्चा ठेवणाऱ्या पार्सिपनीच्या बाईही त्यात होत्या, आणि त्या हळू आवाजात, मराठीत बोलत होत्या. काकू हातातल्या रिकाम्या प्लेटवर बोटानं गाठ कशी वळायची ते दाखवत होत्या. समोसे गार झाले. काका एकटेच पट्ट्यांमध्ये कागद घालून त्या खोक्यात भरत होते. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "जेवून घ्या. नंतर मिळायचं नाही."

परतताना काका गाडी अगदी सावकाश चालवत होते.

"तीस वर्षं बोलली नाहीस," ते म्हणाले.

"बोलणार कवा?" काकू म्हणाल्या. "तुमचा भूगोल संपला कुठं?"

रूममेटनं खिडकीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. घराच्या वळणावर काका म्हणाले, "गूळ आहे का घरात?"

"हाय."

"मग रात्री तळ."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला रूममेटनं उठवलं. "खाली ये, यार," तो म्हणाला. "मंडळ आलंय."

मंडळ म्हणजे दोन मिनीव्हॅन होत्या. पार्सिपनीच्या बाई, आणखी दोघी आणि त्यांची पाचसहा मुलं, झोपेत जॅकेटं चढवलेली. त्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं, ईमेल गेला नव्हता, कॅफेटेरिया बुक झाला नव्हता. काकूंनी मुलांच्या गळ्यात माळा घातल्या. एका मुलीनं इंग्रजीत विचारलं की हे घालायचं आहे की खायचं आहे. "आधी घाल, मंग खा," काकू म्हणाल्या. मग त्या स्वतः अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, तोंडाशी हात धरला आणि त्यांच्या भाषेत हाक मारली. इतकी वर्षं त्या घरात राहून तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. डोंगराच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर पोचायला असतो तसा तो आवाज होता. पोरं एकदम जागी झाली आणि त्यांच्यामागून ओरडू लागली.

काका स्वयंपाकघरात, काचेच्या दाराच्या आत उभे होते. कानटोपी नाही, कोट नाही.

"चला ना, काका," मी म्हणालो.

"माझं काल झालं," ते म्हणाले. "मी पल्याडचा."

बाहेर शेजारच्या म्हाताऱ्या बाई कुंपणाशी आल्या होत्या आणि एका झाडाकडे बोट दाखवत होत्या. पोरं तिकडे धावली. काका काचेजवळ सरकले. त्यांचे ओठ हलायला लागले होते. ते काय असणार हे मला पाठ होतं. उत्तरेला हिमशिखरं, तिथून निघणाऱ्या दोन नद्या.

"या मुलांना कुणी सांगितलं का," त्यांनी विचारलं, "आत्ता ती कुठल्या काठावर उभी आहेत ते?"

"नाही, काका. सांगू का जाऊन?"

ओरडणं चालूच होतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "आधी सण होऊ दे."